घरी बिअर : मोठं भांडं घेऊ की आधी दुसरं काही? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

दोन महिन्यांपूर्वी घरी बिअर करण्याचा पहिला प्रयत्न केला. पाच लिटरची काचेची बरणी, माल्ट एक्स्ट्रॅक्ट (मोड आणून वाळवलेल्या जवाचा, म्हणजे माल्टचा अर्क), हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांच्या) गोळ्या आणि कोरड्या यीस्टची पुडी, एवढंच सामान. बरणी ब्लीचने धुतली, नळाखाली विसळली. तासभर उकळलेलं वर्ट (माल्टचं गोड पाणी) गार करून ओतलं आणि यीस्ट टाकलं. दुसऱ्या दिवशी एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न घेणारी झाकणावरची नळी) असा बुडबुडायला लागला की मी रात्री उठून बघत होतो. खोलीत 27-28 अंश होतं. सहाव्या दिवशी बुडबुडे थांबले. झालं असं समजून 330 मिलिच्या बारा बाटल्या भरल्या, फेस यावा म्हणून प्रत्येकीत सपाट चमचाभर साखर घातली आणि झाकणं दाबली.

तीन आठवड्यांनी पहिली उघडली. अर्धी छताला लागली! ग्लासात जी उतरली तिला पिकल्या केळ्याचा वास, आणि मागून दवाखान्यात येतो तसला काहीतरी. एक घोट घेतला, बाकी सिंकमध्ये.

हौस मात्र फिटलेली नाही. आता दहा लिटरची बॅच करायची आहे. पैसे एकाच मोठ्या वस्तूला पुरतील. 30 लिटरचं तोटीचं स्टीलचं भांडं घेऊन थेट माल्टच्या दाण्यांपासून करावी असं मनात आहे. फर्मेंटर (बिअर आंबवायचं भांडं) प्लॅस्टिकचा चालेल का काचेचाच हवा? आणि आंबणं पूर्ण झालं हे ओळखायचं कसं? (कायद्याचं माझ्या इथलं तपासून घेतलंय, त्यावर चर्चा नको.)

प्रतिसाद १

भांडं राहू द्या. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही दोषांपैकी एकही भांड्यामुळे आलेला नाही.

केळ्याचा वास बहुतेक गरमीचा. साध्या एल यीस्टला (एल हा बिअरचा एक प्रकार) 18-20 अंश मानवतात, आणि आंबताना उष्णता तयार होते, त्यामुळे 28 च्या खोलीत बरणीच्या आत त्याहून दोन-तीन अंश जास्तच असणार. पहिले तीन दिवस सांभाळले की निम्मं काम झालं. फर्मेंटर पाण्याच्या टबात ठेवा, भोवती ओलं कापड गुंडाळा आणि बर्फ झालेल्या पाण्याच्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ टबात बदलत राहा. जुना फ्रिज आणि थर्मोस्टॅट जमला तर उत्तमच. पैसे घालायचेच तर तिथे घाला. दवाखान्याचा वास ब्लीचचा. क्लोरीन राहिलं की हेच होतं. विसळावं न लागणारं आम्लाचं सॅनिटायझर आणा.

एअरलॉकवर विश्वास ठेवू नका. झाकण जरा सैल असलं तरी बुडबुडे थांबतात. हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारी तरंगती नळी) घ्या. तीन दिवसांच्या अंतराने दोनदा मोजा. आकडा तोच आला तरच बाटल्या भरा. समजा आकडा सुरुवातीच्या 1.050 वरून 1.010 वर आला, तर फरकाला 131 ने गुणा : साधारण सव्वापाच टक्के अल्कोहोल.

आणि साखर! सपाट चमचा म्हणजे चार ग्रॅम, म्हणजे लिटरला बारा. सहा-सात पुरते. वजन करून, थोड्या पाण्यात उकळून, सगळ्या बॅचमध्ये एकदम हलक्या हाताने मिसळा.

दहा लिटरसाठी 15 लिटरची खाद्य दर्जाची प्लॅस्टिकची तोटीवाली बादली पुरेल. आतून घासणीने घासू नका, चरे पडले की त्यात जंतू बसतात. काचेला चरे पडत नाहीत, पण ती ओल्या हातातून सुटते. हे मी अनुभवाने सांगतोय.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, पण दाण्यांची हौस मारू नका. घरातल्याच मोठ्या पातेल्यात कापडी पिशवी सोडून चार-पाच लिटरची बॅच होते. दाणे 65-68 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचे, पिशवी उचलायची, पुढे नेहमीचं. थर्मामीटर मात्र चांगला हवा. दहा लिटर एक्स्ट्रॅक्टनेच करा. निम्मं पाणी उकळून उरलेलं आधी उकळून गार केलेलं घातलं की लहान भांडंही पुरतं.

धागाकर्ता

दोघांचे आभार. भांडं रद्द, हायड्रोमीटर आणि वजनकाटा आजच मागवतो. उरलेल्या अकरा बाटल्या कपाटात आहेत, त्यांचं काय करू?

प्रतिसाद १

आधी कपाटापासून लांब व्हा! साखर दुप्पट, शिवाय आंबणंही अर्धवट असेल, तर काच फुटू शकते. जाड हातमोजे आणि चष्मा घाला, बाटल्या टॉवेलात गुंडाळून फ्रिजमध्ये न्या. गारठ्यात दाब कमी होतो. दोन दिवसांनी सिंकवर, टॉवेलखाली, एकेक झाकण हळूहळू सैल करा. प्यायचा मोह होणार नाहीच म्हणा.