मालिशला जाताना काय घालून गेलात? अनुभव सांगा

पऱ्हाटी

मागच्या महिन्यात माझी कंबर धरली. तालुक्याच्या ठिकाणी आयुर्वेद दवाखाना आहे, तिथं डॉक्टरांनी मालिश, शेक आणि कटिबस्ती असं सात दिवसांचं सांगितलं. फोनवरच्या बाईनं वय विचारलं, बीपी विचारला, पाळीची तारीख विचारली, पोटभर जेवून येऊ नका म्हणाली. कपड्यांबद्दल मात्र एक अक्षर नाही. मलाही सुचलं नाही. त्यात संध्याकाळी यवतमाळला चुलतनणंदेच्या मुलीचं साक्षगंध. परत गावी येऊन तयार व्हायला वेळ कुठला? म्हणून मी चक्क करवतकाठी नेसूनच गेले. टसरची, आईनं दिलेली.

कटिबस्ती म्हणजे पालथं झोपवतात, कंबरेवर उडदाच्या पिठाचं आळं करतात आणि त्यात कोमट तेल ओततात. थंड झालं की काढायचं, परत गरम ओतायचं, असं अर्धा तास. हलायचं नाही. आता साडीत कंबर मोकळी करायची म्हणजे निऱ्या सोडा, पिना काढा, परकराची नाडी ढिली करा. तिथली मावशी वैतागून म्हणाली, "ताई, गाऊन नाही का आणला?" मी तशीच साडी खाली सारून झोपले. वीस मिनिटं बरी गेली, मग खोकला आला. आळं एका बाजूनं फुटलं आणि तेलाची धार सरळ काठावर.

साक्षगंधात पदर पुढं घेऊन डाव्या बाजूनं बसून होते. तर तुम्ही काय घालून जाता? दवाखाना, स्पा, घरची मालिशवाली, काहीही चालेल. पुरुषांनीही लिहा, त्यांची फजिती आम्हाला कुणी सांगत नाही.

गावची_लेक

माही माय तीस वर्सांपासून बाळंतिणी करते. तिले विचारून लिहून राह्यली, म्हणून तिच्याच बोलीत लिहितो.

ती म्हनते, आधीच्या बाया जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळून पाटावर बसत. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती, तेल पेऊन घे, शेकाले अडचन नाई. आता सुना गाऊन घालून येते, तेही नायलॉनचा, वरून समोर बटन नाई. लेकराले पाजाचं असलं का सारा गाऊन गळ्यापर्यंत वर. बरं, मालिश झाली का ओवा-शेपाची धुरी अन् शेगडीचा शेक असते. खाटेखाली इस्तव अन् आंगावर नायलॉन! एका घरी ठिणगी उडाली त गाऊनले भोक पडलं, कडा वितळून मांडीले चिकटली. तवापासून माय नायलॉन दिसला का हातच लावत नाई. "पह्यले बदलून ये" म्हनते. सुती गाऊन, समोरून उघडनारा, मापापेक्षा मोठा. नाई त सासूचं जुनं पातळ फाडा, कोनी नाई म्हनत नाई.

अन् मंगळसूत्र काढाची लाज करू नका. हात फिरवताना मन्यांत केस अडकते, वाटीत तेल जाऊन बसते. खिळ्याले लटकवून ठेवा, नवऱ्याले काई होत नाई. हे मायचं वाक्य हाये, माहं नाई.

कुरखेड्याकडचा

आमच्याकडे टोळीचं तेल लावतात, म्हणजे मोहाच्या बियांचं. थंडीत ते डब्यातच तुपासारखं थिजतं, तसंच कपड्यातही थिजतं. सकाळी बनियान पापडासारखं कडक. गार पाण्यात कितीही घासा, निघत नाही. उकळतं पाणी आणि धुण्याचा सोडा, दुसरा उपाय नाही. आम्ही मालिशचा पंचा वेगळाच ठेवतो, त्याला दुसऱ्या कामाला कुणी हात लावत नाही.

एसटी_हुकली

पुरुषाची फजिती पाहिजे ना, घ्या.

नोकरीला नागपूरला होतो तेव्हा ऑफिसातल्या पोरांनी वाढदिवसाला स्पाचं कूपन दिलं. मी दर्यापूरकडचा. मालिश म्हणजे आमच्याकडे नाव्ह्याच्या दुकानातली चंपी, फार तर बापाच्या पाठीवर पाय देणं. तिथं गेलो तर एक पुडी हातात दिली आणि पोरगा म्हणाला, "सर, चेंज करके लेट जाइए." पुडीत कागदाची चड्डी. मला वाटलं आंघोळीची टोपी आहे, कारण ती तशीच गोल आणि चुण्याचुण्यांची होती. डोक्यात घालून पाहिली. आरसा समोरच होता म्हणून वाचलो.

मग घातली तर बसताना टर्रकन फाटली. शेवटी माझीच अंडरवेअर, वर बनियान, वर त्यांची चादर, असा झोपलो. पोरगा आला, काही बोलला नाही. बनियानवरूनच दोन मिनिटं दाबलं आणि मग हळूच विचारलं, काढता का, तेल लावता येत नाहीये. नंतर त्यानंच सांगितलं की काय ठेवायचं, काय काढायचं हे गिऱ्हाइकानं ठरवायचं असतं. ज्या भागाची मालिश चालू तेवढीच चादर सरकवतात, बाकी अंग झाकलेलं. हे आधी सांगितलं असतं तर टोपीचा प्रकार टळला असता.

पऱ्हाटी

एसटी हुकली, मी शाळेच्या स्टाफरूममध्ये वाचत होते. सगळ्यांनी विचारलं काय झालं.

रंगारी_दुकान

जरा गंभीर. आमचं हार्डवेअर आणि रंगाचं दुकान आहे. इकडे बरेच जण मालिशला जवसाचं तेल वापरतात. तेच तेल सुतार लाकडाला लावतात, कारण ते हवेनं वाळतं आणि त्याची साय धरते. तिळाचं तसं वाळत नाही. म्हणून जवसाच्या तेलाचा डाग आठवडाभर राहिला तर तो डाग नसतो, वॉर्निश असतं. त्याच दिवशी धुवा.

दुसरं, वाळताना ते तेल गरम होतं. तेलकट फडकी, टॉवेल, जुने गाऊन असा गोळा करून बंद डब्यात किंवा टोपल्यात कोंबून ठेवला तर आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि काडी न लावता पेट घेऊ शकतो. आमच्या गोदामात मे महिन्यात चिंध्यांचा ढीग असाच धुमसला होता. करपल्याचा वास आला म्हणून कळलं, उलगडला तर मधे काळा. तेव्हापासून चिंध्या दोरीवर पसरून वाळवतो, किंवा पाण्यात बुडवून ठेवतो. तुमच्या मालिशच्या कपड्यांनाही तेच करा. बोळा करून कोपऱ्यात नको.

पट्टी_आणि_पाय

मी फिजिओथेरपिस्ट, ग्रामीण भागात काम करते. आमच्याकडे येणाऱ्यांचं एक दुःख सांगते. गुडघा दुखतो म्हणून येतात आणि घालून येतात चुडीदार किंवा जीन्स. ती पोटरीवरच अडकते. मग मी पेशंटचा गुडघा बघायचा की शिवण? गुडघ्याला ढगळ सलवार, पायजमा, हाफपँट, काहीही जे मांडीपर्यंत वर जाईल. खांदा जखडला असेल तर डोक्यातून घालायचा कुर्ता नको, कारण हातच वर जात नाही. समोर बटणं असलेलं घाला. मशीनच्या शेकाला आम्ही जेली लावतो, ती पाण्यानं जाते, त्यामुळे तिथं साडीची काळजी नको.

कापूस वेचायच्या दिवसांत बायका थेट शेतातून येतात, अंगावर दोन साड्या आणि वरून नवऱ्याचा फुल शर्ट. त्यांना मी कधी काही म्हणत नाही. पडदा लावते, एकेक थर निघेपर्यंत थांबते.

नाव_नको

कपडे काय हा प्रश्न नंतरचा, आत कोण आहे हा आधीचा. आईला अर्धांगवायूनंतर मालिशला नेलं होतं. ठिकाण सांगत नाही. पुरुष कर्मचारी आला आणि म्हणाला, ब्लाउज काढून झोपवा. आईला बोलता येत नव्हतं, पण चांगल्या हातानं तिनं पदर असा मुठीत धरला की आम्हा दोघी बहिणींना सोडवता आला नाही. तशीच परत आणली. दुसऱ्या ठिकाणी बाई आहे का हे फोनवर विचारून गेलो, शिवाय घरून पाठीमागे नाड्या असलेला झगा शिवून नेला. पाठीच्या नाड्या सोडल्या की पाठ मोकळी, पुढून सगळं झाकलेलं. त्या दिवशी मूठ उघडीच होती.

वऱ्हाडी_ठेचा

आजोबा तरुणपणी अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात जायचे. ती संस्था 1914 ची. तिथला लंगोट त्यांनी आयुष्यभर सोडला नाही. ऐंशीव्या वर्षी कंबर दुखली म्हणून पंचकर्माला नेलं. तिथला पोरगा चाचरत म्हणाला, आजोबा, धोतर सोडावं लागेल, आत काही आहे का? आजोबांनी एका झटक्यात धोतर सोडलं. "लंगोट हाये बे. तुह्या जन्माच्या आंधीपासून हाये." पोरगा म्हणाला, आम्हीही हाच देतो, फक्त कापडाची पट्टी बारीक असते. आजोबांनी त्याची पट्टी पाहिली आणि म्हणाले, हे त जखमेले बांधाले ठीक हाये.

बोरगावची

वाफेच्या पेटीत बसवणार असतील तर आधी विचारा. आतला टेरिकॉट अंगाला चिकटून चटका बसतो, सुतीच हवं. इलास्टिकही तेलानं सैल होतं, जुनीच चड्डी न्या. आणि चप्पल! तळव्याला तेल, खाली फरशी, मी दारातच घसरले. धुवायची सोपी, पट्ट्याची चप्पल न्या. घरी येताना कानाला बांधायला स्कार्फ आपल्याकडे असतोच.

पऱ्हाटी

सोमवारपासून राहिलेले सहा दिवस सुरू. पिशवी भरली आहे: जुना सुती गाऊन, गावच्या लेकीच्या सांगण्यावरून समोरून उघडणारा (तुमच्या मायला नमस्कार सांगा), इलास्टिकऐवजी नाडीचा परकर, आतले कोरडे कपडे, पंचा, स्कार्फ, पट्ट्याची चप्पल. फोन करून बाईच असणार का हेही विचारलं. ती म्हणाली, हो, मागच्या वेळची मावशीच. तिलाही माझी साडी आठवत होती.

साडीचं विचाराल तर टाल्कम पावडर टाकून रात्रभर ठेवली, झटकली, परत टाकली, असं तीनदा. बाकीचं गेलं. रुपयाएवढा एक डाग राहिला, पण मोजून नेसले की तो नेमका निऱ्यांत जातो.