गिटारचा रंग ‘विटका’ म्हटला तर चुकलं का?

तारषड्ज
एका मासिकासाठी इलेक्ट्रिक गिटारवरचा लेख मराठीत आणतेय आणि चार दिवस एका शब्दावर अडकलेय. बाजारात अजून न आलेल्या एका मॉडेलचा फोटो बघून गिटारवेडे तर्क लढवतात, असा लेखाचा विषय आहे. रंग निळा म्हणावा तर हिरवी झाक मारतो, हिरवा म्हणावा तर निळाच वाटतो. काहींच्या मते हा फेंडर या गिटार कंपनीचा जुना निळा रंग ‘सोनिक ब्लू’, फक्त साठ वर्षं वापरल्यावर दिसतो तसा, कारखान्यातच म्हातारा करून दिलेला. बाकीचे म्हणतात, छे, हा ताजा ‘सर्फ ग्रीन’, त्यांचाच हिरवा. मूळ लेखात याला ‘व्हिंटेज’ रंग म्हटलंय.
मी ‘विटका आकाशी’ लिहिलं. काकूनं वाचलं आणि म्हणाली, “विटका म्हणजे टाकायला झालेला. एवढी महागाची वस्तू विटकी कशी?” आमच्या आईच्या तोंडी मात्र ‘विटका निळा’ हे कौतुकाचं असायचं, डोळ्यांना सोसणारा रंग अशा अर्थी. तुमच्याकडे कसं म्हणतात?

बोरू
काकूंशी सहमत. ‘विटणे’चे दोन अर्थ आहेत, रंग उडणे आणि मन उबगणे. रोज तेच खाऊन माणूस जेवणाला विटतो. ती नकोशी छटा शब्दाला कायमची चिकटलीय. व्हिंटेजमध्ये काळ जाईल तशी किंमत चढते. तो शब्द मुळात द्राक्षांच्या हंगामाचा, तिथून विशिष्ट सालच्या वाइनचा झाला. आपल्याकडे हेच काम ‘मुरणे’ करतं. लोणचं मुरतं, गवई मुरलेला असतो. ‘मुरलेला आकाशी’ लिहा.

सहातारी
वीस वर्षं गिटार वाजवतोय. ‘मुरलेला’ ऐकायला गोड आहे, पण घडतं ते वेगळंच. मुरण्यात बाहेरचं आत शिरतं. जुन्या फेंडरवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असायचा, म्हणजे वाळून कडक, चकचकीत होणारा लेप. ज्या गिटारवर रंगाच्या वर त्याचा पारदर्शक थर दिला होता, त्यावर तो थर वर्षानुवर्षं उजेड खाऊन पिवळा पडतो. खालचा निळा निळाच राहतो, पण पिवळ्यातून बघितल्यावर हिरवट दिसतो. पिकगार्ड, म्हणजे तारांखालची ओरखड्यांपासून वाचवणारी पट्टी, उघडला की खालच्या झाकलेल्या भागात मूळ निळा सापडतो. ‘ऑलिंपिक व्हाइट’ याच कारणानं सायीसारखा होतो, ‘लेक प्लॅसिड ब्लू’ हिरव्याकडे झुकतो. यात विटलं काहीच नाही.
गिब्सन या दुसऱ्या कंपनीच्या १९५८ ते १९६० च्या ‘लेस पॉल’ गिटारवर, मध्ये पिवळा आणि कडेला तांबडा अशा ‘सनबर्स्ट’ रंगातल्या, मात्र तांबडा रंग उन्हानं खरोखर उडाला. कडेची लाली गेली, कुठे मधाचा रंग उरला, कुठे कोऱ्या चहाचा. त्याला खुशाल ‘विटलेला’ म्हणा, आणि त्या गिटारांपायी लोक वेडे होतात हेही लक्षात घ्या. या दोन घटना वेगळ्या आहेत. दोन्हींना एकच शब्द लावू नका.

शुद्धमती
मुळात ‘लॅकर’ हा शब्द मराठीत हवा कशाला? ‘झिलई’ हा सुंदर शब्द पडून आहे, ‘रोगण’ आहे. ‘महापौर’ आणि ‘चित्रपट’ही लोकांना आधी अवघड वाटले होते. वापरले म्हणून रुळले.

मिरज_आजोळ
शुद्धमती, झिलई अरबी ‘जिला’वरून आली, रोगण फारसी आहे. उलट तुम्ही हाकलताय त्या ‘लॅकर’च्या पोटात आपली लाख आहे, संस्कृत लाक्षा. फिरत फिरत युरोपात गेली आणि लॅकर होऊन परत आली. नायट्रोसेल्युलोजमध्ये लाखेचा कणही नसतो, नाव तेवढं उरलं.
माझं आजोळ मिरजेचं, सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. सुट्टीत तासन् तास तंबोऱ्यांना पॉलिश होताना बघत बसायचो. चपडा, म्हणजे लाखेचे पापुद्रे, स्पिरिटमध्ये विरघळवायचा, कापडाच्या बोळ्यानं हात द्यायचे, वाळू द्यायचं, पुन्हा हात. ‘अजून चार हात बसले पाहिजेत’ असं म्हणायचे. झिलई हा शब्द मी तिथे एकदाही ऐकला नाही. जुन्या तंबोऱ्याबद्दल बोलताना ‘रंग धरलाय’ म्हणायचे. विटला नाही, मुरला नाही, धरला.

बोरू
‘रंग धरणे’ फार आवडलं. पण रंग धरायला लागला म्हणजे तो आधी नव्हता, असा अर्थ निघतो. आंबा रंग धरतो.

रंधा
मी पुण्यात फर्निचर करतो, गिटारचं मला काही कळत नाही. फेंडरचे रंग म्हटल्यावर जरा शोधून वाचलं आणि उठून बसलो. ते लोक ड्युपाँट कंपनीचे मोटारींचे रंग वापरायचे, ‘ड्युको’ आणि ‘ल्युसाइट’ या नावांनी विकले जाणारे. सोनिक ब्लू १९५६ च्या कॅडिलॅकचा, सर्फ ग्रीन १९५७ च्या शेवरलेचा, ‘फिएस्टा रेड’ १९५६ च्या फोर्ड थंडरबर्डचा. गिऱ्हाइकाला असा रंग हवा असेल तर पाच टक्के जादा.
आणि आमच्याकडे काय? किचनच्या शटरला चकचकीत रंग हवा असला की प्रत्येक गिऱ्हाईक म्हणतं, “ड्युको करून द्या.” आज मी मारतो ते बहुतेक वेळा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन असतं, तरी तोंडात ड्युकोच. शुद्धमतीताई, हा शब्द कोणत्या कोशात घालायचा ते तुम्ही ठरवा. माझ्या लेखी तो मराठी झालाय.

शुद्धमती
व्यापारी नाव तोंडी बसलं म्हणून ते भाषेचं होत नाही. उद्या कंपनी गेली की शब्द पोरका.

रंधा
ताई, गिऱ्हाइकांपैकी कोणाला ती कंपनी माहीतच नाही. शब्द पोरका होऊन जमाना झाला. तरी चालतोय.

तारषड्ज
ड्युकोचा दुवा थेट लेखात घेते. पण निळा-हिरवा तसाच राहिला हो. व्हिंटेज सोडा, नुसत्या त्या रंगाला काय म्हणू?

पदर
अहो, तो ‘आनंदी’! लुगड्यांच्या दुकानात जाऊन विचारा. निळ्यात हिरवा मिसळलेला, फिकट. माझ्या आजीचं आनंदी रंगाचं इरकली होतं.

केतकी
आनंदी म्हणजे स्वच्छ फिकट निळा, त्यात हिरवा औषधालाही नसतो. हिरवट असेल तर तो चिंतामणी.

पदर
चिंतामणी गडद असतो, मोरपंखीच्या शेजारचा. आमच्या लग्नाच्या बस्त्यात दोन्ही होते. मी हातात धरून बघितलेत.

केतकी
आमच्याकडे नागपूरला दुकानदार जे दाखवतात ते मी सांगतेय. तुमच्याकडे सोलापुरात वेगळं असेल, पण म्हणून आमचं चूक कसं?

मिरज_आजोळ
नावावरूनच बघा ना. आनंदी म्हणजे पाऊस उघडल्यावरचं आभाळ असणार. ते निळंच.

बोरू
याला काही आधार? रंगांची आपली नावं वस्तूंवरून येतात. तपकिरी तपकिरीवरून, विटकरी विटकरीवरून, अबोली फुलावरून. मनाच्या अवस्थेवरून आलेला हा एकच रंग दिसतो. म्हणूनच मला वाटतं ‘आनंदी’ मुळात दुसऱ्याच कशाचा तरी अपभ्रंश असावा.

सहातारी
ताई, लेखात ‘सोनिक ब्लू’ तसाच राहू द्या. ते विशेषनाम आहे. वाचणारा वाजवणारा असेल तर त्याला तेच नाव हवंय.

पदर
आत्ता ट्रंक उघडून आजीचं लुगडं काढलं. वर्षानुवर्षं एकाच घडीत होतं. घडीच्या आतला भाग निळा आहे, केतकी म्हणतात तसा. घडीच्या कडा आणि वरचा भाग हिरवट, माझ्या आठवणीत आहे तसा. आजी दोन्ही रंगांना आनंदीच म्हणायची की तिनं घेतलं तेव्हा सगळंच निळं होतं, हे आता कोणाला विचारू?