‘ॲबसेन्स’ला सगळीकडे ‘अनुपस्थिती’ चालेल का? कारखान्याचे कागद मराठीत करताना

शिरोलीकर
नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचे (धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्याचे) कागद मराठीत करायचे आहेत. त्यात स्थायी आदेश (कामगारांच्या नोकरीचे आणि शिस्तीचे नियम), मशीनवर चिकटवायच्या सूचना, तपासणी अहवाल, कामगार पतसंस्थेचे पोटनियम आणि प्रथमोपचाराचं एक पत्रक आहे. इंग्रजी मजकुरात ‘ॲबसेन्स’ पानोपानी येतो आणि भाषांतराचं सॉफ्टवेअर डोळे झाकून ‘अनुपस्थिती’ टाकून मोकळं होतं. मासले देतो:

१) कूलंटच्या अनुपस्थितीत मशीन चालवू नये.
२) अध्यक्षांच्या अनुपस्थितीत उपाध्यक्ष सभा चालवतील.
३) याविरुद्ध कराराच्या अनुपस्थितीत व्याजदर हाच राहील.
४) कास्टिंगमध्ये तड्यांची अनुपस्थिती तपासली.
५) पिण्याचे पाणी, ई. कोलाय: अनुपस्थित.
६) परवानगीशिवाय वारंवार अनुपस्थिती हे गैरवर्तन होय.
७) अनुपस्थितीचे झटके (फिट्सचा एक प्रकार).

मला फक्त दुसरं वाक्य धड वाटतं. बाकीच्यांचं काय करायचं? कामगारांना वाचून कळलं पाहिजे आणि उद्या वाद झाला तर कागद टिकलाही पाहिजे.

कागदकाळा
नाम शोधत बसलात की फसलात. मराठी ‘नसणं’ क्रियापदानं सांगते. इंग्रजीतला ‘इन द ॲबसेन्स ऑफ’ तीन वेगळी कामं करतो आणि आपल्याकडे त्या तिन्हींना वेगळी रूपं आहेत. ‘नसताना’ ही स्थिती, ‘नसल्याने’ हे कारण, ‘नसल्यास’ ही अट. मूळ वाक्यात यातलं कोणतं आहे ते ठरलं की अर्धं काम झालं.

तिसरं वाक्य अटीचं आहे: ‘एतद्विरुद्ध करार नसल्यास व्याजदर हाच राहील.’ ‘एतद्विरुद्ध’ पतसंस्थेच्या सभासदाला जड वाटेल, तर ‘वेगळा लेखी करार केलेला नसल्यास’ लिहा. मात्र मूळ मजकूर लेखीच करार मागतो का, ते आधी बघा. नसेल मागत तर ‘लेखी’ हा शब्द तुम्ही पदरचा घातल्यासारखं होईल.

पहिलं वाक्य दिसतं सोपं, पण खरा घोळ तिथंच आहे. कूलंट (कापताना टूल थंड ठेवणारा द्रव) ‘नाही’ म्हणजे नेमकं काय? टाकी रिकामी, पंप बंद, की नळी तुंबलेली? ऑपरेटर टाकीत डोकावतो, भरलेली दिसते, मशीन सुरू करतो आणि टूल जळतं. सूचनेचा हेतू धार पडण्याशी आहे, म्हणून तसंच लिहा: ‘कटिंगच्या जागी कूलंटची धार पडत नसेल तर मशीन सुरू करू नका.’ इंडक्शन फर्नेसच्या (विजेवर धातू वितळवणाऱ्या भट्टीच्या) कॉइलचंही तेच. ‘पाणी नसल्यास’ अपुरं आहे, कारण पाइपात पाणी भरलेलं असूनही ते वाहत नसेल तर कॉइल तापणारच. ‘कॉइलमधून पाणी फिरत नसल्यास’ लिहा आणि दाबाचा किमान आकडा मॅन्युअलमधून उचलून शेजारी घाला.

‘अभाव’बद्दलही सांगतो, कारण सॉफ्टवेअरचा तो दुसरा लाडका शब्द. ‘अभावी’ शब्दयोगी लागतो, आधीच्या शब्दाचं सामान्यरूप होतं आणि दोन्ही जोडून लिहितात: पुराव्याअभावी, पावसाअभावी, वेळेअभावी, निधीअभावी. हा कारण दाखवतो. अटीच्या जागी घातला तर अर्थ हलतो. ‘परवान्याअभावी माल सोडला नाही’ ही घडलेली गोष्ट झाली, ‘परवाना नसल्यास माल सोडू नये’ हा नियम. ‘अभावाने’ तर निराळंच प्रकरण आहे. ‘असे कारागीर अभावानेच आढळतात’ म्हणजे क्वचित का होईना, आढळतात.

आणि माणसाला ‘अभाव’ लावू नका. पाटलांचा अभाव नसतो, पाटलांची उणीव भासते. पाण्याची टंचाई, मालाचा तुटवडा, पैशाची चणचण, जीवनसत्त्वाची कमतरता, चांगल्या फिटरची वानवा. प्रत्येकाचं घर ठरलेलं आहे.

मस्टरबुक
सहाव्या वाक्यावर लिहितो. ‘अनुपस्थित’ हा नुसता हजर नसलेला. ‘गैरहजर’ म्हणजे जो हजर असायला हवा होता आणि नव्हता. शिस्तभंगाच्या कागदात दुसराच हवा. ‘पूर्वपरवानगीशिवाय वारंवार गैरहजर राहणे’ असं लिहा. यातल्या ‘राहणे’लाही वजन आहे, कारण गैरवर्तन हे कामगाराचं कृत्य असतं आणि क्रियापद ते त्याच्याकडे नेतं.

रजा आणि गैरहजेरी एका रकान्यात घालू नका. मंजूर झालेली ती रजा, मग पगारी असो की विनावेतन. अर्ज दिला पण मंजुरी नाही, ती गैरहजेरीच. फार तर मागाहून ती रजेत नियमित करून घेता येते. रोजंदारीवर याला ‘खाडा’ म्हणतात. खाडा पडला की त्या दिवसाचा रोज गेला. ऊसतोड मजुरांच्या हिशेबात खाड्याची वेगळी कपात लागते, त्यामुळं या भागातल्या कामगाराला ‘खाडा’ म्हटलं की थेट पैसेच आठवतात. मशीनवरच्या किंवा नोटीस बोर्डवरच्या सूचनेत ‘खाडा’ खुशाल वापरा, स्थायी आदेशात नको. ‘दांडी’ आणि ‘बुट्टी’ कुठंच नकोत. त्यात हेतू गृहीत धरलेला असतो आणि हेतू चौकशीत सिद्ध करावा लागतो.

आता तुम्ही न विचारलेलं. तक्त्यांतल्या रिकाम्या जागांचं काय करणार? इंग्रजीत ‘निल’, ‘एन.ए.’ आणि कोरा रकाना हे तीन प्रकार असतील. ‘निल’ला ‘निरंक’. सरकारी कागदात हा शब्द रुळलेला आहे आणि त्याचा अर्थ आहे: माहिती तपासली, संख्या शून्य आली. ‘एन.ए.’ला ‘लागू नाही’, पण काही लोक त्याच अक्षरांनी ‘उपलब्ध नाही’ही लिहितात, तेव्हा तक्ता ज्यानं भरला त्याला विचारा. कोरा रकाना कोराच ठेवा, त्यात मनानं शून्य भरू नका. महापुराच्या दिवसांत पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पातळीकडं सगळं कोल्हापूर डोळे लावून असतं, ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका. तिथं एखाद्या तासाची नोंद नसली तर कुणी पातळी शून्य फूट मानत नाही. अपघातांच्या रजिस्टरमध्ये मात्र कोऱ्या महिन्याला ‘अपघात ०’ वाचलं जातं.

तर्कपाद
वरच्या सगळ्या उत्तरांच्या मुळाशी न्याय-वैशेषिकांचा (भारतीय तत्त्वज्ञानातल्या तर्कप्रधान दर्शनांचा) एक जुना हिशेब आहे आणि भाषांतराला तो फार उपयोगी पडतो. त्यांच्या मते नुसता ‘अभाव’ असं काही नसतंच. अभाव कशाचा तरी असतो (तो प्रतियोगी) आणि कुठं तरी असतो (ते अधिकरण). भूतलावर घट नाही: घट प्रतियोगी, भूतल अधिकरण. कागदकाळांनी कूलंटच्या वाक्यात हेच केलं. प्रतियोगी ‘कूलंट’वरून ‘कूलंटची धार’ केला आणि अधिकरण ‘टाकी’वरून ‘कटिंगची जागा’. ‘ॲबसेन्स’ दिसला की आधी हे दोन रकाने भरा.

अभावाचे चार प्रकारही मराठीत सरळ उतरतात. वस्तू घडण्याआधीचा तो प्रागभाव, आपल्या भाषेत ‘अजून नाही’. मोडल्यानंतरचा प्रध्वंसाभाव, ‘राहिला नाही’. कधीच नसतो तो अत्यंताभाव, जसं वायूला रूप नाही. आणि घट म्हणजे पट नव्हे, तो अन्योन्याभाव. इंग्रजीचा एक ‘नॉट’ ‘नाही’ आणि ‘नव्हे’ दोन्हीकडं चालतो, आपल्याला निवडावं लागतं. ‘हा पास नाही’ आणि ‘हा पास नव्हे’ यांत किती फरक आहे ते गेटवरच्या वॉचमनला विचारा.

स्टोअरच्या नोंदीत पहिले दोन प्रकार हमखास मिसळतात. ‘बेअरिंग नाही’ म्हणजे मागवलेलं अजून आलं नाही, की होतं ते संपलं? पहिल्यात पुरवठादाराला फोन, दुसऱ्यात नवी ऑर्डर. ‘अद्याप प्राप्त नाही’ आणि ‘शिल्लक नाही’ असे दोन वेगळे शेरे ठेवा.

गेजपट्टी
चौथं आणि पाचवं माझ्या प्रांतातलं. ‘तड्यांची अनुपस्थिती तपासली’ हे मराठी नाहीच, पण ‘तडे नाहीत’ असं लिहिलंत तर ते खोटं ठरू शकतं. तपासणीवाला फक्त एवढं म्हणू शकतो की अमुक पद्धतीनं, अमुक जागी तडा आढळला नाही. डाय पेनिट्रंटमध्ये रंगीत द्रव पृष्ठभागावर उघड्या असलेल्या फटीत शिरतो, वरचा पुसून डेव्हलपर मारला की रेघ उमटते. फट वरपर्यंत आलेली नसेल तर द्रव आत जाणारच कसा? पोटातला ब्लो होल (ओतीव धातूत राहिलेली हवेची पोकळी) या तपासणीत दिसत नाही, त्याला रेडिओग्राफी किंवा अल्ट्रासॉनिक लागतं. म्हणून: ‘डाय पेनिट्रंट तपासणीत पृष्ठभागावर तडा आढळला नाही.’ पद्धतीचं नाव वाक्यातून गाळू नका. ग्राहकानं माल परत पाठवला की भांडण त्याच एका शब्दावर होतं.

पाण्याचंही तसंच. पिण्याच्या पाण्याचं मानक आयएस १०५००:२०१२ सांगतं की १०० मिली नमुन्यात ई. कोलाय आढळता कामा नये. अहवालात ‘१०० मिली नमुन्यात आढळला नाही’ आणि नमुना कुठून घेतला ती जागा, दोन्ही लिहा. कँटीनच्या नळाचा नमुना छतावरच्या टाकीबद्दल काही सांगत नाही. रासायनिक घटकांना आणखी एक पायरी असते. ‘आढळले नाही’ म्हणजे यंत्राच्या शोधमर्यादेच्या (यंत्राला पकडता येणाऱ्या किमान मात्रेच्या) खाली, म्हणून ती मर्यादा कंसात द्यायची. ‘निरंक’ इथं चालणार नाही. मस्टरबुक यांचा निरंक मोजून आलेलं शून्य आहे, हे मोजमापाच्या आवाक्याखालचं आहे.

तर्कपाद
गेजपट्टी, याला योग्यानुपलब्धी म्हणतात. ‘असता तर दिसलाच असता’ अशी स्थिती असेल तरच न दिसण्यावरून अभाव ठरतो. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, एवढ्यावरून तो नाही असं म्हणता येत नाही.

बावड्याचा रस्ता
कोर्टातही हेच तत्त्व आहे. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १११ प्रमाणे, माणूस जिवंत असता तर ज्यांना साहजिकच त्याची खबर लागली असती, अशांना ७ वर्षं काही कळलं नसेल, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार तसं म्हणणाऱ्यावर येतो. शेजाऱ्याला खबर नाही एवढ्यावर भागत नाही.

शिरोलीकर, स्थायी आदेशात आणि पोटनियमांत हे शब्द जपून वापरा:

‘पश्चात’ म्हणजे मृत्यूनंतर. मृत्युपत्रात, नाहीतर निधनवार्तेत. ‘अध्यक्षांच्या पश्चात उपाध्यक्ष काम पाहतील’ असं छापलंत तर अध्यक्ष तुम्हालाच शोधत येतील.

‘परोक्ष’ की ‘अपरोक्ष’ हा वाद मिटणारा नाही. संस्कृतात परोक्ष म्हणजे नजरेआड आणि अपरोक्ष म्हणजे प्रत्यक्ष. मराठीत ‘माझ्या अपरोक्ष’ सर्रास ‘माझ्या माघारी’ या अर्थानं चालतो. म्हणजे एकाच शब्दाचे दोन उलटे अर्थ. कायदेशीर मजकुरात दोन्ही टाळा आणि ‘गैरहजेरीत’ लिहा. चौकशीच्या कलमात तर नक्कीच, कारण कामगाराच्या अपरोक्ष साक्ष नोंदवली याचा कोण काय अर्थ काढेल सांगता येत नाही.

‘एकतर्फी’ फक्त कामकाजाला लागतो, माणसाला नाही. नोटीस बजावूनही प्रतिवादी आला नाही तर दावा एकतर्फी चालतो. वादीच आला नाही आणि प्रतिवादी हजर असून दावा नाकारतो, तर दावा काढून टाकला जातो. दोन्ही आदेश रद्द करून घ्यायला अर्जाची मुदत ३० दिवसांची.

‘गैरहजर’, ‘बेपत्ता’ आणि ‘फरारी’ एकाच्या जागी दुसरा घालू नका. फरारी म्हणायला तो अटक किंवा खटला चुकवतोय हे दिसावं लागतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५६ प्रमाणे आरोपीच्या गैरहजेरीत खटला चालवता येतो, पण त्यासाठी तो उद्घोषित अपराधी असावा लागतो, खटला चुकवण्यासाठी पळालेला असावा लागतो आणि आरोप ठेवल्यापासून ९० दिवस जावे लागतात. कामावर न आलेल्या कामगाराला नोटिशीत ‘फरार’ लिहिणारे कारखाने आहेत. ते महागात पडतं.

सभेबद्दल एक. कोरम नसण्याला ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब’ ही ठरलेली शब्दरचना आहे, ती तशीच ठेवा. तहकूब म्हणजे पुढं ढकललेली, रद्द नव्हे.

शिरोलीकर
सगळ्यांचे आभार. म्हणजे दुसऱ्या वाक्यातली ‘अनुपस्थिती’ ठेवायला हरकत नाही ना? आणि सातवं कुणीच घेतलं नाही.

बावड्याचा रस्ता
ठेवा. अध्यक्ष न येण्यात दोष गृहीत धरलेला नाही, म्हणून तिथं ‘गैरहजेरी’पेक्षा ‘अनुपस्थिती’च बरी. पण पद रिकामं असेल तर काय, ते मूळ मजकुरात आहे का पाहा. नसेल तर ‘अनुपस्थितीत किंवा पद रिक्त असल्यास’ अशी दुरुस्ती संस्थेला सुचवा, स्वतः घालू नका.

नाडीपरीक्षा
सातव्यात गैरहजर असतं ते भान. ‘अनुपस्थितीचे झटके’ वाचून कुणाला काही बोध होणार नाही. ‘क्षणभर भान हरपण्याचे झटके (ॲबसेन्स सीझर)’ असं लिहा. डॉक्टर तेच इंग्रजी नाव वापरतात, त्यामुळं ते देवनागरीत शेजारी असू द्या.

हे झटके मुख्यतः लहान मुलांत दिसतात. बोलता बोलता थांबणं, एकटक नजर, कधी पापण्यांची फडफड आणि बहुधा १०-१५ सेकंदांत पुन्हा होतं ते काम सुरू. माणूस सहसा पडत नाही, म्हणून ‘तंद्री लागली’ म्हणून सोडून दिलं जातं. पत्रकातल्या सूचना अशा ठेवा: ‘हलवू नका, ओरडू नका. जवळपास फिरतं मशीन किंवा आच असेल तर हळूच बाजूला घ्या. तोंडात पाणी घालू नका, नाकाला कांदा किंवा चप्पल लावू नका. झटका ५ मिनिटांपेक्षा जास्त चालला किंवा एकामागून एक येऊ लागले तर १०८ ला फोन करा.’ कामगाराला असे झटके येत असल्याचं कळलं तर डॉक्टरांचा लेखी सल्ला येईपर्यंत लेथ, फर्नेस आणि उंचीवरचं काम देऊ नये, हे वाक्य पत्रकात नसेल तर सेफ्टी ऑफिसरला विचारून घालून घ्या.