सक्तीच्या देशसेवेवर भाचीला पॉइंट पाहिजेत, मदत करा

राजेहो, अर्जंट आहे. शनिवारी भाचीची कॉलेजात डिबेट, विषय "अठरा वर्षांनंतर देशसेवा सक्तीची करावी का", अन् हिच्या वाट्याला विरोधी बाजू आली. इकडे आमचे भाऊजी कामठीच्या आर्मीच्या गार्ड्स सेंटरमधून रिटायर झालेले, ते रोज चहाच्या वेळी सुरू, पोरं मोबाइलवर वाया चालली, दोन वर्षं टाका बरॅकमध्ये, अन् ही बिचारी बिस्किट बुडवत गप्प, बिस्किट तुटून कपात पडते तरी लक्ष नाही.

मी एवढं जमवलं: चीन युद्धानंतर १९६३ ला कॉलेजात एनसीसी सक्तीची केली होती, १९६८ ला परत ऐच्छिक. जर्मनीनं सक्तीची भरती २०११ ला थांबवली, दक्षिण कोरियात अजून आहे पण फक्त मुलांना. अग्निवीर तर आपल्या मर्जीनं जातात, तरी चार वर्षांनी जास्तीत जास्त चारातला एक कायम, मग सक्तीवाल्यांचं पुढे काय?

त्या सक्तीच्या एनसीसीवाल्या काळात तुमच्या घरचं कोणी कॉलेजात होतं का? परेड मनापासून करत होते की नुसती हजेरी? अन् ज्याचं घर पोराच्या पगारावर चालते त्याचं काय, हा मुद्दा नीट कसा मांडायचा? भाऊजींना पटेल असं सांगा बाप्पा, जज परवडले.