भरीत खाऊ घातलं की माणूस ‘आपला’ होतो का?

तापीकाठचा
जळगावात शेतीसाहित्याच्या वितरणाचं ऑफिस. आम्ही बावीस जण. साहेबांनी जाहीर केलंय, येत्या शनिवारी संध्याकाळी आसोद्याच्या मळ्यात भरीत. कशासाठी, तर स्टाफमध्ये आपलेपणा वाढावा म्हणून.

भरिताशी माझं वैर नाही. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, बडगीत ठेचलेली, वर कांद्याची पात, सोबत कळण्याची पुरी. यासाठी मी सासुरवाडीचं लग्नसुद्धा बुडवीन. पण गोडाऊनला एक पोरगा आहे, सातपुड्यातल्या धडगावकडचा, पावरा आदिवासी. दोन वर्षं झाली त्याला. त्याचं नाव हजेरीपुस्तकात आहे, कुणाच्या तोंडात नाही. “ए धडगाव, ते बंडल आण.” गेल्या होळीला त्याने चार दिवस रजा मागितली. उत्तर मिळालं, “होळीला चार दिवस? जत्रा भरवतो का?” सगळे हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. आता त्याच पोराकडून मळ्यात दोन पोती वांगी उचलून घेणार आणि वर म्हणणार, आपण सगळे एक कुटुंब.

माझं म्हणणं असं की पार्टी राहू द्या, आधी रजा आणि नाव नीट करा. तुम्हाला काय वाटतं?

हिशोबी
असहमत. माझं धुळ्यात अठरा जणांचं दुकान आहे, त्यामुळे खुर्चीच्या या बाजूने बोलतो. होळी येते मार्चात. मार्चात वर्षअखेर, वसुली, स्टॉक मोजणी. गोडाऊनचा माणूस नेमका तेव्हा चार दिवस गेला तर मोजणी काय साहेबांची बायको करणार? ज्याला त्याला आपापला सण दिला तर शटर कोण उघडेल? आणि पार्टीला नावं ठेवू नका. वर्षभर ज्याच्याशी बिलावरून भांडलो, तो चुलीपुढे बसून मिरच्या भाजताना दिसला की निम्मं भांडण तिथेच मिटतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

सातपुडा
हिशोबी, चार दिवस का लागतात ते ऐका. जळगावहून शहादा, शहाद्याहून धडगाव, तिथून पाड्यावर. जाण्यातच एक दिवस जातो, येण्यात दुसरा. आमच्याकडे होळी म्हणजे एका रात्रीची बोंब नाही. काठी गावची होळी बघायला लोक कुठून कुठून येतात, ती तुम्हीही मोबाईलवर पाहिली असेल. ज्याने नवस केलाय तो बावा-बुध्या, म्हणजे होळीत नाचणारा, होतो, घुंगरू बांधतो, आधीपासून पथ्यं पाळतो. तुमची दिवाळी जशी, तशी ती आमची. दिवाळीला कुणी तुम्हाला “जत्रा भरवतो का” म्हणतं का?

केळफूल
बाईमाणसाचं कुणी बोललंच नाही, म्हणून लिहिते. संध्याकाळी मळ्यात, म्हणजे भरीत ताटात पडेपर्यंत नऊ. मी पाचोऱ्याहून ये-जा करते. माझी गाडी केव्हाच गेलेली असणार. मग सोमवारी ऐकायचं, “मॅडम, तुम्ही मिसळतच नाही.” अहो, मिसळायला तुम्ही वेळच पुरुषांची ठेवलीत! दुपारी एकला ठेवा, मी मिरच्या निवडायला आधी येते.

हिशोबी
हे पटलं. दुपारचं करता येईल. आमच्याकडे हे कधी कुणी बोललं नाही.

अहिर भो
मी काय म्हनस भो, पहिले भाषाना प्रश्न शे. आमच्याकडे नाशिकहून नवे साहेब आले आणि म्हणाले, ऑफिसात शुद्ध बोला. दुसऱ्या दिवसापासून मीटिंगमध्ये चिडीचूप. चुकीचं बोलण्यापेक्षा न बोललेलं बरं, असं झालं. शेतकरी काउंटरवर येऊन अहिराणीत बोलणार आणि आम्ही त्याला पुस्तकातलं मराठी ऐकवणार!

सातपुडा
भो, तुमचा राग रास्त आहे. पण पावरी बोलणाऱ्या पोरासमोर तुम्ही दोघं अहिराणीत हसलात की त्याला काय वाटतं, तेही बघा. त्याला वाटतं आपल्यालाच हसले. कधीकधी खरंही असतं.

अहिर भो
हं. हे लागलं.

भुसावळ जंक्शन
थोडं कायद्याचं. तुमचं ऑफिस कारखान्यात मोडत नाही आणि वीसच्या वर माणसं आहेत, म्हणजे महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा लागू. त्यात सणाच्या आठ पगारी सुट्ट्या आहेत. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायच्या. शिवाय आठ किरकोळ रजा वेगळ्या. आत्ता डिसेंबर चालू आहे. तुमच्याकडे त्या चार सुट्ट्या कोण ठरवतं?

तापीकाठचा
साहेब. गेल्या वर्षीच्याच यादीवर सन बदलून चिकटवतात.

हिशोबी
मिळून ठरवा की, पण बावीस जणांत धडगावचा एक. हात वर करायला लावले तर आपले खानदेशी सण, अखाजी येईल, कानबाई येईल, त्याचे होळीचे दिवस कधीच यायचे नाहीत. कायद्याने हा प्रश्न सुटत नाही. मी माझ्या दुकानात एक करू शकतो, पोराने दिवाळीत गोडाऊन सांभाळायचं आणि होळीला किरकोळ रजेतले चार दिवस न विचारता घ्यायचे. स्टॉक मोजणी एक आठवडा पुढे ढकलू. पण हे तोंडी. लिहून दिलं तर उद्या अठरा अर्ज येतील.

भुसावळ जंक्शन
तोंडीच तर त्याला “जत्रा” ऐकावं लागलं.

तापीकाठचा
काल त्याच्याशी बोललो. पहिल्यांदा नावाने हाक मारली, तर त्याने मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला बोलावलं असं वाटलं त्याला. मी म्हटलं, तुझ्या होळीच्या रजेचं साहेबांकडे मांडतो. तो म्हणाला, “भाऊ, माझं नाव नका घेऊ. मिळाली तरी वर्षभर तेच ऐकावं लागेल.”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आता अर्ज चौघांच्या नावाने करतोय, तिघांना आपापल्या गावच्या जत्रेसाठी हवी आणि चौथा तो. साहेबांनी अजून वाचलेला नाही. भरीत मात्र दुपारी एकला ठरलं.

केळफूल
मिरच्या मी आणते. वांगी कोण उचलणार ते आधी ठरवा.