हॅनॉयमध्ये फो खायचाय, पण बीफ चालत नाही. कुठे आणि कसं?

खादाड_पांथस्थ:
डिसेंबरात आम्ही तिघं हॅनॉयला चाललोय, मी, बायको आणि आई. मला हॉटेलातला नाही तर तिथली लोकं सकाळी फुटपाथवर बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून खातात तसा फो (व्हिएतनामचं रस्सा-नूडल्सचं सूप) खायचाय. प्रॉब्लेम असा की आई मोठ्याचं अजिबात खात नाही, चिकन-मासे चालतात. भाषा येत नाही, मेनू वाचता येणार नाही, मग ऑर्डर कशी द्यायची आणि चिकनच्या नावाखाली बीफचा रस्सा येणार नाही याची खात्री कशी करायची?

चटकमटक_काकू:
अरे सोपं आहे, पाटीवर बघ. फो बो म्हणजे बीफ, फो गा म्हणजे चिकन. हॅनॉयमधली चांगली दुकानं बहुतेक एकच काहीतरी करतात, त्यामुळे ज्याच्या काचेत उकडलेल्या पिवळ्या कोंबड्या टांगलेल्या दिसतील आणि पाटीवर फक्त गा असेल तिथेच बस. दोन्ही विकणाऱ्याकडे आईंना नेऊच नको, तिथे रस्सा एकच असू शकतो आणि गर्दीच्या वेळी कोण समजावत बसणार. तिथला चिकन फो बघण्यासारखा असतो, साफ रस्सा, भरपूर कांद्याची पात, वर लिंबाच्या झाडाची पानं केसासारखी बारीक चिरून. असं सांगतात की 1939 च्या सुमाराला हॅनॉयमध्ये सोमवारी आणि शुक्रवारी बीफ मिळत नव्हतं, तेव्हा फोवाल्यांनी कोंबडी वापरायला सुरुवात केली आणि तेव्हा नावं ठेवणारेही होते. फक्त एक, फिश सॉस सगळ्यात असतो. आई मासे खातात म्हणजे प्रश्न नाही.

रस्सा_फर्स्ट:
काकूंचं बरोबर. तू आणि वहिनी बीफ खात असाल तर एका सकाळी आईंना आराम करू द्या आणि बात दान रस्त्यावर 49 नंबरला जा. आधी लाइन लावायची, काउंटरवर पैसे द्यायचे, वाडगा स्वतः उचलायचा आणि जागा दिसेल तिथे अनोळखी माणसासमोर बसायचं, कोणी या-बसा म्हणणार नाही. ताई म्हणजे कच्चे पातळ काप जे उकळत्या रश्श्यात वाडग्यातच शिजतात, चिन म्हणजे आधीच शिजवलेलं, एवढं पुरे. रश्श्यात चक्रीफूल, दालचिनी, मसाला वेलची, विस्तवावर भाजलेलं आलं आणि कांदा असतो, म्हणजे आपल्या डब्यातलाच मसाला, पण वाटून न घालता अख्खा, आणि हाडं कित्येक तास मंद आचेवर फेस काढत काढत उकळलेली, म्हणून तो पाण्यासारखा स्वच्छ दिसतो आणि तरी चव भारी. म्हणून हात जोडून विनंती, चव घेण्याआधी मिरचीची चटणी ओतू नका!! आधी दोन चमचे नुसता रस्सा, मग टेबलावरचं लसूण घातलेलं व्हिनेगर थोडंसं. सोबत पिठाच्या तळलेल्या काड्या मिळतात, कुये म्हणतात, त्या रश्श्यात बुडवून खा, पैसे वेगळे. ओल्या रुमालाचं पाकीट फोडलं तर त्याचेही लावतात, घाबरू नका, मामुली असतात.

सायगॉनवाला_मराठी:
उत्तरेकडच्यांची शिस्त ऐकून हसू येतं :) आमच्याकडे दक्षिणेत, हो ची मिन्ह सिटीत (जुनं सायगॉन) फोसोबत तुळशीसारखी पानं, मोड आलेले मूग, लिंबू, मिरचीचं अख्खं ताट येतं, आणि गोडसर काळा सॉस, आणि कोणी डोळे वटारत नाही. 1954 मध्ये देशाची फाळणी झाल्यावर उत्तरेतून लाखो लोक दक्षिणेत आले तेव्हा फो इथे पसरला आणि इथल्या जिभेप्रमाणे बदलला. ट्रिप वाढवली तर फो बिन्हला जा, छोटंसं दुकान आहे, खाली अमेरिकन सैनिक फो खायचे आणि वरच्या मजल्यावर 1968 च्या टेट हल्ल्याचा (व्हिएतनाम युद्धात कम्युनिस्टांनी अमेरिका आणि दक्षिणेच्या सरकारवर केलेला मोठा हल्ला) कट शिजत होता. फोसाठी म्हणून नाही, त्या मजल्यासाठी जा.

खादाड_पांथस्थ:
धन्यवाद मंडळी, गा आणि कोंबड्या टांगलेलं दुकान, पाठ झालं. अजून एक, आईला चॉपस्टिक जमणार नाहीत आणि गुडघे दुखतात, त्या बुटक्या स्टुलांचं काय करू?

चटकमटक_काकू:
चमचा सगळ्यांना मिळतो, नूडल तोडून चमच्यानेच खाऊ दे, कोणी बघत नाही. फक्त चॉपस्टिक वाडग्यात उभ्या खोचून ठेवू नका, मेलेल्यांसाठी उदबत्त्या अशा लावतात तिथे. आणि स्टूल सगळीकडे बुटकी नसतात रे, आत टेबल-खुर्च्या असलेली दुकानंही बरीच आहेत. सकाळी सात-साडेसातला जा, जागाही मिळेल. बरीच दुकानं दुपारपर्यंत रस्सा संपला की सरळ शटर ओढतात.