इंदुरातली मराठी उपासना: हिंदीत विलीन करायची की चालू ठेवायची?

जमाखर्च:
सर्वांना जय ख्रिस्त. सरळ मुद्द्यावर येतो. आपल्या चर्चच्या एकाच आवारात सकाळी ८ ला मराठी आणि १० ला हिंदी उपासना, हे आता परवडत नाही. बोलण्यापुरते नमुन्याचे आकडे धरा: मराठी सभासदवहीत २१० नावं, रविवारची हजेरी सरासरी ३८, हॉलमध्ये जागा २२०. हिंदीला ९० येतात. पाळक (पास्टर) एकच, पेटी वाजवणारा एकच. ही ३८ माणसं बसतात कुठे? भिंतीकडेला आणि शेवटच्या बाकांवर, दोन-दोन तीन-तीन. गीत सुरू झालं की एकाचा आवाज दुसऱ्याला ऐकू जात नाही, नुसती पेटी ऐकू येते. नवं कुटुंब एकदा डोकावतं, परत येत नाही.

होळकरांच्या शहरात मराठी घरं आहेत, मान्य. पण मुलं शिकतात हिंदी-इंग्रजीत. घरात मराठी बोलतात, 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक हातात दिलं की जोडाक्षराला अडखळतात. विलीन करा, महिन्यातून एक रविवार मराठी गीतं ठेवा, प्रश्न मिटला.

मोठा_बाक:
प्रश्न मिटत नाही, माणसं मिटतात. ३८ आणि ९० मिळून १२८ कधीच होत नाहीत. मराठीला येणारे निम्मे साठीपुढचे असले, तर दहाची उपासना लांबते, ऊन होतं, म्हणून त्यातले बरेच घरीच बसतील. वर्षभरानं त्यांची चौकशी करायलाही कोणी जाणार नाही, कारण ती घरं ठाऊक असतात फक्त चर्चच्या मराठी वडिलांना (एल्डरांना).

आणि तो २१० चा आकडा. नाव जमाखर्च घेतलंय, तर बुडीत खाती आधी निर्लेखित करा भाऊ. पुण्याला-बंगळुरूला नोकरीला गेलेली मुलं, लग्न होऊन नागपूरला गेलेल्या मुली, यांची नावं दुसऱ्या चर्चला जाताना बदलीचं पत्र न दिल्यामुळे वहीत तशीच राहतात. शहरात खरोखर राहणारे समजा १२० निघाले, तर ३८ म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा. २१० पैकी धरले तर पाचवाही नाही. दोन्ही दुखण्यांचा इलाज वेगळा.

मोजायचंच तर असं मोजा. नाताळ, ईस्टर, झावळ्यांचा रविवार (पाम संडे) आणि शाळेच्या सुट्ट्या सोडून सलग ८ रविवार. डोकी उपदेश सुरू होताना मोजायची, आधी मोजली तर उशिरा येणारे सुटतात. मुलं वेगळी. मग मागच्या १० वर्षांचे चार रकाने करा: बाप्तिस्मे, अंत्यविधी, पत्र घेऊन आलेले, पत्र घेऊन किंवा न घेता गेलेले. समजा २४, ३१, ५ आणि ४२ आले. जन्ममृत्यूची तूट ७ ची, स्थलांतराची ३७ ची. उपासनेची भाषा बदलली म्हणून पुण्याला गेलेला मुलगा परत येणार आहे का?

कंपाउंडची_भिंत:
भाषेवर वाद चाललाय तर डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांचं नाव यायलाच हवं. मंडळ्या, म्हणजे चर्चचे समुदाय, कशा वाढतात या अभ्यासाला ज्यांनी जगभर चालना दिली, ते जन्मले आपल्या दमोहला, १८९७ साली. मध्य भारतातल्या मंडळ्या वर्षानुवर्षं जागच्या जागी का, या प्रश्नातूनच त्यांचं काम उभं राहिलं. वाढीचे तीन प्रकार त्यांनी वेगळे केले: घरात जन्मलेली मुलं, दुसऱ्या मंडळीतून आलेले, आणि नव्यानं विश्वासात आलेले. भाषा, जात, वर्ग यांची सीमा ओलांडावी लागली नाही तर माणूस ख्रिस्ताकडे सहज येतो, असं त्यांचं म्हणणं. यावर मराठीवाल्यांनी लगेच खूश होऊ नये. हाच नियम आपल्याकडे लावला की जातीजातीची मंडळी तयार होते, ही टीका त्यांच्या हयातीतच झाली. १९७७ मध्ये पासाडेनाला त्यावर खास बैठकही भरली.

त्यांचा दुसरा मुद्दा आपल्याला जास्त लागतो. मिशनच्या शाळा-दवाखान्यामुळे कुटुंब वर येतं आणि मूळच्या नात्यागोत्यापासून तुटतं. मंडळी शिकते, कमावते, पण तिच्याकडे येणारी वाट बंद होते. इंदुरात कॅनेडियन प्रेस्बिटेरियन मिशन आलं १८७७ ला. अशा मिशनांच्या कंपाउंडात नोकरी मिशनची, घर मिशनचं, पाळकाचा पगारही बाहेरूनच. तो पैसा आटला तेव्हा मंडळीला देण्याची सवयच नव्हती. हे हिंदीतही झालं, मराठीतही. (१९७० मध्ये नागपूरला सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा फाटकावरची पाटी बदलली. अर्पणाच्या थैलीतली चिल्लर तीच.)

जमाखर्च:
तिसरा प्रकार इथं हिशेबात धरूच नका. राज्यात धर्मस्वातंत्र्याचा कायदा १९६८ पासून आहे, २०२१ च्या कायद्यात ६० दिवस आधी कलेक्टरला कळवण्याचं कलम आलं आणि ते कोर्टातही गेलं. दुसरा प्रकार म्हणजे या मंडळीतलं त्या मंडळीत. उरली घरची मुलं, आणि ती हिंदीत आहेत. माझंच म्हणणं खरं ठरतंय.

मंडळीची_लेक:
दादा, मग त्या घरच्या मुलांचाच माग काढा. १५-१६ वर्षांपूर्वीच्या बाप्तिस्म्याच्या वहीतली नावं घ्या. किती जणांचं दृढीकरण (कन्फर्मेशन) झालं, आणि दृढीकरणानंतर दोन वर्षांनी त्यातली किती प्रभुभोजनाला (कम्युनियनला) दिसतात? गळती तिथं आहे, आणि हिंदीवाल्यांची वही उघडली तर तिथंही तीच सापडेल. दृढीकरणाचा वर्ग सहा रविवारांत उरकतात. प्रश्नोत्तरं पाठ, बिशपसाहेब येतात, फोटो, केक, संपलं. पुढच्या रविवारी त्या मुलीला चर्चमध्ये काही कामच नसतं.

मिशनरी पिकेट यांनी भारतातल्या सामुदायिक धर्मांतरांची पाहणी १९३३ मध्ये छापली. त्यातला निष्कर्ष असा, की लोक कशासाठी आले याच्यापेक्षा आल्यावर त्यांना शिकवलं किती, यावर मंडळी टिकते. घरच्या मुलांना हे लागू नाही का? वर्ग सहा महिन्यांचा करा. दृढीकरणाच्या आधीच शास्त्रपाठ (बायबलवाचन), अर्पण गोळा करणं, माईक ही कामं पाळीनं लावून द्या. पाठ आदल्या सोमवारी हातात द्यायचा आणि शनिवारी एकदा मोठ्यानं वाचून घ्यायचा. ऐन वेळी पुस्तक पुढे केलं तर मूल 'नबुखद्नेस्सर'ला अडखळतं, बाकांवर हसू फुटतं आणि ते मूल पुन्हा उभं राहत नाही.

रविवारशाळा मात्र एकच करा, हिंदी-मराठी मिळून. पाच मुलांचे तीन वर्ग पाडून काहीच चालत नाही.

पेटीवाला:
भाषेला दोष देण्याआधी पट्टी बघा. वाजवणारा आपल्या गळ्याच्या सोयीनं सूर धरतो, गीत अंतऱ्यात वरच्या षड्जापलीकडे गेलं की बाकं गप्प. पट्टी एक-दोन सुरांनी खाली आणा. मागच्या बाकांना दोरी लावा, सगळे पुढच्या आठ बाकांत, आणि पेटी कोपऱ्यातून काढून त्यांच्या समोर. ३८ माणसं भरल्यासारखी गातात.

टिळकांचे अभंग चालवा. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. १९१७ मध्ये त्यांनी मिशन सोडून 'देवाचा दरबार' काढला, १९१९ मध्ये ते गेले आणि दरबार पुढे टिकला नाही. अभंग टिकले, कारण त्यांना टाळ आणि ढोलकी पुरते, चाल कानात आधीच असते. हिंदी घरातल्या सुनांनाही दुसऱ्या कडव्यापासून जमतं.

पहाटप्रार्थना:
पट्टी, दोरी, रकाने! १९०५ मध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये आध्यात्मिक जागृती झाली, ती काय बाकांना दोऱ्या बांधून? पवित्र आत्मा वेळापत्रक बघून येत नाही.

मोठा_बाक:
कबूल. पण मुक्तीतल्या शेकडो मुली एकाच आवारात राहत होत्या आणि जागृतीआधी कित्येक महिने रोज एकत्र प्रार्थना चालू होती. इथं राऊहून आणि विजयनगरहून माणसं आठवड्यातून एकदा तासभर भेटतात, तेही निघायच्या घाईत. बुधवारी दोन घरांत प्रार्थनासभा लावा, एक या टोकाला, एक त्या टोकाला. आणि रविवारी उपासनेनंतर पोहे-चहा ठेवा. अर्धा तास थांबतील. कोण आजारी, कोणाची बदली झाली, हे वडिलांना तिथंच कळतं.

जमाखर्च:
ठीक. ठराव मागे घेत नाही, सहा महिने पुढे ढकलतो. मराठी ८:३० ला, पाऊण तासात आटोपशीर. पाळकसाहेब दोनदा नवा उपदेश तयार करणार नाहीत, एकच टाचण, दोन भाषा. संयुक्त रविवारी सगळं दोन्ही भाषांत दोनदा वाचायची पद्धत बंद. तासाची उपासना पावणेदोन तास चालते आणि निम्मी माणसं सतत आपल्या भाषेची पाळी येण्याची वाट बघत बसतात. बायबलमधल्या पत्रांतला पाठ हिंदीत, शुभवर्तमान मराठीत, उपदेश एका भाषेत, कागदावर दोन्ही. सहा महिन्यांनी हजेरी ३८ च्या खाली गेली तर मात्र पुन्हा हाच धागा वर आणेन.

मंडळीची_लेक:
मोजणी जुलैपासून धरा. मेमध्ये अर्धी घरं लग्नाला आणि गावाला असतात, तेव्हाचा आकडा हिंदीवाल्यांच्या सोयीचा. डिसेंबरचा मराठीवाल्यांच्या सोयीचा, नाताळला पाहुणे येतात म्हणून. आणि मोजणारे दोघं ठेवा, एक आठच्या उपासनेतला, एक दहाच्या.

पेटीवाला:
आठच्या नाही ताई, साडेआठच्या. आत्ताच ठरलं ना.